सहाव्या भागातलं वाक्य

केशोरी
१२ ऑक्टोबर २०२३

चि. चेतनाले मोठीमायचे अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मंगळवारी भेटलं. बकारामने पेन ड्राइव्ह टीव्हीच्या मागं लावून दिलं, रिमोट माझ्या हातात दिला आणि वावरात निघून गेला. हलका धान कापणीले आला आहे, माझ्या पोराले बसायले फुरसत नाही.

बेटा, काय सांगू तुले. टीव्हीत माणसं बोलून राहिली होती आणि खाली मराठीत सगळं लिहून येऊन राहिलं होतं! दोन वर्षं झाली, त्या तापात कान गेले तेव्हापासून मी टीव्ही पाहते म्हणजे काचेतले मासे पाहते. तोंड उघडते, तोंड बंद होते. कानाची मशीन लावली तर आत नुसता भुंगा. काल पहिल्यांदा कळलं की हे लोक काय म्हणून राहिले. ती सुमन, एस.टी. डेपोत कॅन्टीन चालवते. तिचा बाप जुना ड्रायव्हर, लकव्याने वाचा गेलेला, दिवसभर कॅन्टीनच्या दारात स्टुलावर बसून राहते. चारही भाग एका बैठकीत पाहिले. चहा थंड झाला.

पण हे फुकट थोडीच भेटते? तू टायपिंगच्या दुकानात दिवसभर बोटं झिजवते, माझ्यासाठी कायले खर्च करते? आणि त्या कंपनीले कसं सुचलं असेल, की कुठंतरी एक बहिरी बाई बसली असेल, तिच्यासाठी मराठी अक्षरं टाकावी? भले लोक आहेत.

घरी सगळे बरे. सून दुर्गेश्वरी चांगली आहे, पण मले आता काही काम सांगत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, दारावर कोणी आलं तर समजत नाही. तीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळली, आता मलेच सांभाळावं लागते. जाऊ दे.

शेजारची शामकला पाटीवर लिहून विचारून राहिली, रविवारी मी पण पाहायले येऊ का. ये म्हणली. तुझी आई असती तर तीही आली असती. माझी धाकटी बहीण, पण नाटकाचं वेड माझ्याहून मोठं.

पुढचे भाग कधी पाठवते?

तुझी मोठीमाय
रुख्मा


कुडवा, गोंदिया
२० ऑक्टोबर २०२३

ती. मोठीमायला चेतनाचा नमस्कार.

तुझं पत्र दुकानात बसूनच वाचलं आणि एकटीच हसले. काचेतले मासे!

पैशाचं टेन्शन घेऊ नकोस. अ‍ॅपचे पैसे महिन्याला भरते, सगळे भरतात तसेच. त्यातच सगळं येतं. अक्षरंही कंपनीच टाकते, आता सगळीकडे तसंच असतं. तू फक्त बघ.

पाचवा आणि सहावा भाग पाठवते आहे. नवरात्रीच्या पत्रिकांचं काम दुकानात इतकं आलं की उशीर झाला.

घरचे काम सांगत नाहीत हे मनाला लावून घेऊ नको. आई गेल्यावर मी चार वर्षं तुझ्याजवळ होते ना, शाळेतून येताना वळण घेतलं की दारात तू बसलेली दिसायचीस. मग मी पळत सुटायची. तू तेव्हाही काही काम करत नसायचीस, नुसती बसलेली असायचीस. मला ते आठवतं.

तुझी
चेतना


केशोरी
६ नोव्हेंबर २०२३

चि. चेतनाले अनेक आशीर्वाद.

आठ दिवस झाले, रविवारी आम्ही सहा बाया होतो. शामकलाने मुरमुरे आणले होते, ते तसेच राहिले. टीव्हीचा आवाज उन्हाळ्यातच बिघडला, कोणी दुरुस्त केला नाही; ज्याईले वाचता येत नाही त्याईले शामकला अक्षरं वाचून सांगते.

सहावा भाग. डेपोवाल्यांची नोटीस येते, कॅन्टीन जाणार असं होते. सुमन बापासमोर येऊन उभी राहते. मले वाटलं, आता ही बुढ्यावर तुटून पडते. चेहरा तर तसाच होता, लाल झालेला. आणि खाली अक्षरं आली: "बाबा, तुम्ही नुसतं दारात बसून राहा. घराले कोणीतरी बसलेलं माणूस लागते."

चेतना, मी रिमोट दाबून तिथंच थांबवलं. तीनदा पाहिलं. शामकला पदर डोळ्याले लावून बसली होती. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. इतक्या रागाच्या तोंडातून इतकी माया बोलणारी बाई मी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दारात खुर्ची टाकून बसते. कोणी आलं तर दिसतेच, मग ऐकू येवो की न येवो. परवाच पोस्टमनले पाणी दिलं. दुर्गेश्वरीले सांगितलं, आता दार माझ्याकडं. ती हसली, पण नाही म्हणली नाही.

शामकलाचा जावई उदाराम आला होता. त्याचं अर्जुनी मोरगावले मोबाईलचं दुकान आहे. तो म्हणे, आमच्याकडं बाया विचारतात, मराठी अक्षराचं काही आहे का. त्यानं पेन ड्राइव्ह सोबतच्या लॅपटॉपले लावलं, अर्ध्या घंट्यात परत दिलं. चांगल्या गोष्टी चार लोकांनी पाहाव्या.

पुढचं लवकर पाठव.

मोठीमाय


कुडवा
२० नोव्हेंबर २०२३

ती. मोठीमायला नमस्कार.

दिवाळीत येता आलं नाही, रागावू नकोस. सात, आठ आणि नऊ पाठवते आहे.

एक ऐक. पेन ड्राइव्ह कोणाला देऊ नकोस, उदाराम भाऊजींना तर नाहीच. कंपनीचा नियम असतो, एकानं घेतलेलं एकाच घरात बघायचं. तुम्ही सहा जणी बघता ते चालतं.

तू दारात बसतेस हे वाचून मी किती खूश झाले ते तुला सांगता येणार नाही.

चेतना


केशोरी, तालुका अर्जुनी मोरगाव
८ डिसेंबर २०२३

'सुमन उपाहारगृह' या मालिकेच्या लेखिका
श्रीमती मंजिरी वाकणकर यांना सा. नमस्कार.

मालिकेच्या शेवटी बारीक अक्षरांत नावं येतात, त्यात तुमचे नाव वाचले. पत्ता आमच्या शाळेच्या गुरुजींनी मोबाईलवर शोधून दिला. मी सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका आहे. मला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही.

तुमच्या कंपनीने मराठी अक्षरं टाकली त्याबद्दल आभार मानायला पत्र लिहीत आहे. मी आता पुन्हा लोकांमध्ये बसून हसते आणि रडते. आमच्या सहा जणींच्या वतीने आभार.

सहाव्या भागात सुमन बापाला म्हणते, "घराले कोणीतरी बसलेलं माणूस लागते", ते वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. कान गेल्यापासून मला वाटायचे की मी घरात उगाच आहे. तुमच्या वाक्यानंतर तसे कमी वाटते. तुम्ही आमच्या भागातल्या आहात काय? सुमन आमच्यासारखीच बोलते.

आम्ही नऊ भाग पाहिले, दहावा पाहायचा आहे; त्याच्या पुढचे कधी येणार ते कळवावे. चूकभूल माफ असावी.

आपली
रुख्मा कापगते


केशोरी
१० डिसेंबर २०२३

चि. चेतनाले आशीर्वाद.

दिवाळीनंतरची मंडईची जत्रा होऊन गेली. गावात नाटक झालं, मी गेली नाही. ऐकू येत नाही तर रात्रभर काय तोंडं पाहू? त्यापेक्षा आपली सुमन बरी.

एक गोष्ट समजली नाही. नवव्या भागात सुमन बापाच्या पायाशी बसून इतकी कायले रडते? "मी जे बोलले ते परत घेता येत नाही" म्हणते. काय बोलली ती? तिनं तर चांगलंच म्हटलं होतं. आम्ही सहाही जणी विचार करून थकलो. शामकला म्हणे, मधला एखादा भाग राहिला. तू पाहून सांगजो.

आणि एक आनंदाची गोष्ट. मी लेखिकाबाईले पत्र टाकलं, रजिस्टर करून. आभार मानले. इतकं केलं त्यांनी, कोणीतरी सांगाले पाहिजे ना?

मोठीमाय


कुडवा
१५ डिसेंबर २०२३

मोठीमाय,

पत्र कशाला टाकलंस? असल्या मोठ्या लोकांना पत्र वाचायला वेळ नसतो. उत्तर आलं नाही तर वाट बघत बसू नकोस.

नवव्या भागाचं मलाही नीट समजलं नाही. दहावा पाठवायला उशीर होईल, कॉम्प्युटर बिघडला आहे.

चेतना


डोंबिवली
८ जानेवारी २०२४

आदरणीय रुख्माबाई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र कंपनीच्या ऑफिसात दोन आठवडे पडून होतं. तिथल्या एका मुलीनं ते मला आणून दिलं. वीस वर्षं लिहिते आहे, पण प्रेक्षकानं हातानं लिहिलेलं पत्र मला पहिल्यांदाच आलं. ते मी आतापर्यंत कितीदा वाचलं ते सांगत नाही.

म्हणूनच तुमच्याशी खोटं बोलवत नाही. ते आभार माझे नाहीत. आमच्या मालिकेखाली फक्त इंग्रजी अक्षरं येतात. मराठी मालिकेला मराठी अक्षरं द्यावीत, हे कंपनीत कोणाला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही, आणि तुमचं पत्र वाचल्यापासून त्याची लाज वाटते आहे. तुम्ही बघितलेली अक्षरं दुसऱ्या कोणीतरी घातलेली आहेत. तशा प्रती पैसे न भरता तिकडे फिरत असल्याचं कंपनीच्या कानावर आलं आहे आणि ते शोध घेत आहेत. मला तुम्ही कोणाचंही नाव कळवू नका. मी ते विचारतही नाही.

तुम्ही वहीत लिहिलेलं वाक्यही माझं नाही. मी संहिता काढून पाहिली. माझी सुमन साताऱ्याची आहे, ती 'घराले' असं कधी म्हणणार नाही. सहाव्या भागात ती बापाला फार वाईट बोलते. नवव्या भागात ती त्याचीच माफी मागते.

वाक्य मात्र सुंदर आहे. ज्या कोणी लिहिलं, त्या व्यक्तीला तुम्ही फार जवळच्या असणार.

मालिकेचे पुढचे भाग होणार नाहीत, असं मागच्याच महिन्यात कळलं. बघणारे कमी पडले.

तुमची
मंजिरी वाकणकर


केशोरी
१३ जानेवारी २०२४

चेतना,

लेखिकाबाईचं पत्र आलं. नक्कल करून सोबत पाठवते. मूळ मी ठेवलं.

'घराले' कोण म्हणते ते मले माहीत आहे.

मी काही विचारत नाही. तूच सांग. पेन ड्राइव्ह टीव्हीतून काढून ठेवलं आहे.

मोठीमाय


कुडवा
१७ जानेवारी २०२४

मोठीमाय,

तीन वेळा कागद फाडला, हा चौथा.

मी पहिल्या पत्रापासून खोटं लिहिलं. मी अ‍ॅपचे पैसे कधीच भरले नाहीत. एका साइटवर सगळं सापडतं, आमच्या दुकानात सगळे तिथूनच उतरवतात. मला ती चोरी वाटलीच नाही. दुकानातून एखादं पुस्तक उचलून आणायचं म्हटलं तर मी कधीच आणलं नसतं. इथं बोट दाबलं की येतं, कोणाचं काही कमी झालेलं दिसत नाही. माणूस तर कुठंच दिसत नाही. तू पत्र टाकेपर्यंत त्या मालिकेमागे कोणी बाई बसली आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

खाली इंग्रजी अक्षरं होती, ती तुझ्या कामाची नव्हती. म्हणून मी एकेक वाक्य ऐकून मराठीत टाइप केलं. एका भागाला अख्खा रविवार लागायचा. पैसे भरले असते तरी तुला मराठी मिळालं नसतं, असं मी स्वतःला सांगत राहिले. ते खरंच आहे. पण मी पैसेही भरले नाहीत आणि कोणाला विचारलंही नाही, हेही खरं आहे.

सहाव्या भागात सुमन बापाला म्हणते, "आता तुम्ही कोणाच्या काय कामाचे? स्टूल निदान उचलून बाजूला तरी ठेवता येतं. तुमचं काय करू?"

हे टाइप करताना तुझं ते पत्र समोरच होतं, कुकरच्या शिट्ट्यांचं. माझी बोटं चालेनात. तू हे वाचणार आणि पुन्हा आतल्या खोलीत जाऊन बसणार, असं दिसलं. म्हणून मी दुसरं लिहिलं. शाळेच्या वळणावरून तू दिसायचीस, ते आठवून, तुझ्याच बोलीत लिहिलं. नंतर नववा भाग आला आणि कळलं की एक खोटं लिहिलं म्हणून पुढचं सगळंच बिघडलं. तू विचारलंस, तेव्हाही मी टाळलं.

तू माझ्याशी बोलणं सोडू नकोस. बाकी काय म्हणशील ते म्हण.

चेतना


केशोरी
२४ जानेवारी २०२४

चि. चेतना बेटा,

बोलणं कायले सोडीन? तू माझ्या हातावर वाढली. पण चार दिवस मी कोणाशी बोलली नाही हे खरं. दुर्गेश्वरीने डोक्याले हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

पहिले राग सांगते. तू मले सांगितलं असतं की हे असं असं आहे, तर मी पाहिलं नसतं. हे तुलेही माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाही. अंगणवाडीतला पोरांचा खाऊ मी कधी घरी आणला नाही, बकाराम लहान होता तेव्हाही नाही. तू माझ्यासाठी केलं हे खरं, पण माझ्या नावानं केलं. त्या बाईले मी आभार लिहिले! कोणाच्या घरातलं उचलून आणलेलं जेवली आणि वरून त्याच घरी 'जेवण छान होतं' म्हणून कळवलं. मले जमिनीत जाऊ वाटलं.

आणि दुसरं. तू लिहिलेलं खरं वाक्य मी वाचलं. स्टुलाचं. इतकंच? अगं, हे तर मी रोज सकाळी उठून स्वतःले म्हणते. मले वाटायचं, जगात मीच एकटी असं म्हणून राहिली. ते कोणीतरी टीव्हीत सगळ्यांसमोर म्हटलं होतं, आणि मग त्याची माफीही मागितली होती. ती माफी माझ्यासमोर आली आणि मले समजली नाही. तू मले काटा लागू नये म्हणून वाटच काढून घेतली. आता कोणी माझ्यासाठी काही गाळू नको, चेतना. माझे कान गेले, बाकी सगळं जागेवर आहे.

पण तुझं वाक्य वहीतून खोडलं नाही. खाली तुझं नाव लिहिलं. ते तुझंच होतं तर मले तसंच पत्रात लिहून पाठवायचं होतं. मी दारात बसलीच असती.

आता काम सांगते. माझी माफी झाली. लेखिकाबाईची राहिली. तू तिले लिही, आपल्या नावानं. काय होईल ते पाहू.

मी बकारामसोबत अर्जुनीले जाऊन आली. उदारामने माझ्यासमोर सगळं मिटवलं, पण हसून राहिला होता. "मोठीमाय, एक मिटवून काय होते?" म्हणे. त्यानं वहीवर लिहून दाखवलं ते. मी म्हणली, माझ्या पेन ड्राइव्हमधून गेलेलं तेवढं मिटव, बाकीचं तुझं तू पाहा.

मोठीमाय


कुडवा, गोंदिया
२ फेब्रुवारी २०२४

श्रीमती मंजिरी वाकणकर यांना
सादर नमस्कार.

मी चेतना हातझाडे. केशोरीच्या रुख्माबाई कापगते माझी मावशी. तुमच्या मालिकेची प्रत मी पैसे न भरता उतरवली, तिच्यात मराठी अक्षरं मी घातली आणि सहाव्या भागातलं वाक्यही मीच बदललं. माझ्या मावशीला यातलं काही माहीत नव्हतं. ती प्रत अर्जुनीच्या एका दुकानातून पुढे गेली, ती थांबवणं आता माझ्या हातात नाही.

तुमच्या पत्रात 'बघणारे कमी पडले' असं आहे. ते वाचल्यापासून मला नीट झोप नाही. मालिका माझ्यामुळे बंद झाली का?

मी आता अ‍ॅपचे पैसे भरले आहेत आणि दहाही भाग पुन्हा पाहिले. जुन्या प्रती पुसून टाकल्या. त्यानं काही भरून येत नाही, हे मला समजतं. दहाही भागांची मराठी अक्षरं माझ्याकडे टाइप केलेली आहेत, आता सहावाही तुमच्या शब्दांत दुरुस्त केला आहे. कंपनीला हवी असतील तर देते, श्रेय म्हणून माझं नाव नको. आणि कंपनीला माझं नाव सांगायचं असेल, तर पाकिटावर पूर्ण पत्ता दिला आहे.

तुमचं वाक्य बदलायचा मला हक्क नव्हता. त्याबद्दल वेगळी माफी मागते.

चेतना हातझाडे


डोंबिवली
२० फेब्रुवारी २०२४

प्रिय चेतना,

तुमच्या पत्राला लगेच उत्तर लिहिलं असतं तर ते फार कडू झालं असतं. म्हणून थांबले.

मालिका तुमच्यामुळे बंद झाली असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण काय झालं ते सांगते. शेवटच्या मीटिंगमध्ये कंपनीचे लोक म्हणाले, "डेपोतल्या बाईची गोष्ट गावाकडे कोण बघतंय? आकडे बघा." मी आकडे बघितले. त्यात केशोरीच्या सहा जणी नव्हत्या. अर्जुनीच्या दुकानातून ज्यांनी नेलं त्या नव्हत्या. तुम्ही सगळ्या होतात, आणि माझ्या बाजूनं दाखवायला एकही नव्हती. पैशांपेक्षा मला ते लागलं.

नाव मी कोणाला सांगणार नाही. हे उपकार नाहीत, सांगून माझ्या हाती काय येणार आहे? कंपनीला मी एवढंच म्हटलं, की मराठी अक्षरं लोकांना इतकी हवी होती की कोणीतरी स्वतः बसून टाइप केली. 'बघू' म्हणाले. 'बघू'चा अर्थ मला कळतो, पण मी पुन्हा विचारणार आहे.

आता त्या वाक्याचं. स्टुलाचं वाक्य मी माझ्या वडिलांना बोलले होते. शब्द जवळपास तेच. ते आजारी होते, माझं काम सुटलं होतं, आणि दुपारी तीन वाजता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी ते बोलले. माफी मागायची राहून गेली, कारण पुढच्या आठवड्यात ते गेले. नववा भाग मी त्यांच्यासाठी लिहिला. त्यामुळे तुम्ही सहाव्यातलं वाक्य काढलंत, तेव्हा नुसता संवाद बदलला नाही. तुम्हाला हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. ज्याचं आहे त्याला विचारायचं असतं, ते याचसाठी.

आणि तरीही, तुमचं वाक्य मी माझ्या टेबलासमोर चिकटवलं आहे. माझ्या वडिलांना कोणीतरी तेच म्हणायला हवं होतं. राग आणि हे, दोन्ही एकदम वाटतं. काय करणार.

रुख्माबाईंनी दहावा भाग पाहिलेला नाही, असं त्यांच्या पत्रावरून वाटलं. दहाव्या भागाचा शेवट कंपनीनं बदलायला लावला होता. माझ्या वहीत जो पहिला लिहिला होता तो चित्रित झाला नाही, त्याचे पैसे मला कोणी दिले नाहीत, तो फक्त माझा आहे. तेवढी तेवीस पानं त्यांना पोस्टानं पाठवते आहे. ही माझ्याकडून भेट, विचारून-सांगून दिलेली.

तुम्ही लिहीत जा. पण स्वतःचं लिहा.

मंजिरी


केशोरी
१९ मार्च २०२४

चि. चेतना बेटा, अनेक आशीर्वाद.

तेवीस पानं भेटली. हातानं लिहिलेली, मधे मधे खोडलेली. मी एकटीनं वाचून संपवणार होती. मग वाटलं, शामकला आणि बाकीच्या बायांनीही नऊ भाग पाहिले आहेत, त्यांचं काय? त्यातल्या तिघींले वाचता येत नाही.

तुले एक गोष्ट कधी सांगितली नाही. शामकलाच्या पोरीच्या लग्नात, कान गेल्यावर दोन महिन्यांनी, मी पंगतीत कोणाले तरी भाजी वाढा म्हणली. सगळा मांडव वळून पाहायले लागला. मी ओरडून राहिली होती म्हणे, मले काय समजते? दोन-चार पोरी हसल्या. तेव्हापासून दोन माणसांच्या वर कोणी असलं की मी तोंड उघडत नाही. टीव्ही पाहताना बरं होतं, बोलायचं काम नव्हतं.

रविवारी दुपारी सगळ्या आल्या. मोहफूल पडून राहिलं आहे, सकाळी वेचून थकल्या होत्या, तरी आल्या. दुर्गेश्वरीही येऊन बसली. मी पहिले त्याईले सहाव्या भागातलं खरं वाक्य सांगितलं, आणि ते मधे कसं बदललं तेही. तुझं नाव सांगितलं. रागावू नको, लपवून पुढं वाचता आलं नसतं. शामकला म्हणे (तिनं पाटीवर लिहिलं), "पोरीनं मायेनं केलं." मी म्हणली, हो, पण त्या बाईले न विचारता केलं.

मग वाचाले बसली. शामकला माझ्या समोर बसली. आवाज चढला की ती हात खाली करे, उतरला की वर करे. पहिल्या दोन पानांत घाम फुटला. नंतर मी तिच्या हाताकडं पाहणं विसरून गेली.

तुले शेवट सांगते. कॅन्टीन उठते. शेवटच्या दिवशी बाप दारात स्टुलावर बसला आहे. सुमन आतून दुसरं स्टूल आणते आणि त्याच्या बाजूले बसते. तो तोंड फिरवून घेते. ती काही म्हणत नाही, उठतही नाही. समोरून गाड्या येतात, जातात. संपलं. तू म्हणते की टीव्हीतल्या शेवटात बापाले वाचा येते आणि तो तिचं नाव घेते. इथं काही येत नाही.

शेवटचं पान खाली ठेवलं. आणि मग एकदम सगळ्यांची तोंडं सुरू झाली! शामकला हात नाचवून राहिली, दुर्गेश्वरी मान हलवून राहिली, एकजण तर उठून उभी राहिली. भांडण लागलं होतं, बापानं माफ कराले पाहिजे होतं की नाही. मले दिसून राहिलं, पण समजून नाही राहिलं. मी जोरानं म्हणली, "एकेक बोला गं! मलेही सांगायचं आहे!"

सगळ्या वळून माझ्याकडं पाहायले लागल्या. कोणी हसलं नाही. दुर्गेश्वरीने पाटी घेतली आणि एकेकीचं म्हणणं माझ्यासाठी लिहाले लागली. पाटी भरली की पुसे, पुन्हा लिहे. दिवस उतरेपर्यंत चाललं.

सगळ्यांचं झाल्यावर मी माझं सांगितलं. म्हणली, तो बाप तोंड फिरवते ते बरोबर करते. त्याचाही राग त्याच्याजवळ राहू द्या. ती बसली आहे, उद्याही बसन.

किती मोठ्यानं बोलली ते मले माहीत नाही. दुर्गेश्वरी म्हणते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं, आणि जाता जाता दोन बाया थांबून आत येऊन बसल्या.

तुझी मोठीमाय
रुख्मा